‘धुरा’ : क्वांटम खेळाच्या कामाच्या नोंदी

जागा: दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावच्या शाळेची संगणक खोली. यंत्रं पाच, सगळी जुनी डेस्कटॉप, दोन गाभ्यांचे प्रोसेसर, प्रत्येकी २ जीबी रॅम. इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही गच्चीवर गेलं तर. काम: शाळा उघडायच्या आत नववी-दहावीच्या पोरांसाठी चार छोटे खेळ. अट एकच, पडद्यावर जे घडेल ते समीकरणातून आलेलं पाहिजे. फाशाच्या खेळाला ‘क्वांटम’ नाव चिकटवायचं नाही.

२ मे

पायथन भाषा, तिच्यात आकडेमोडीला नमपाय आणि चित्रांना पायगेम. खोलीत इंटरनेट नसल्यामुळं पॅकेजेस तालुक्याला एका लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हनं आणली. एकही बसलं नाही. लॅपटॉपवर पायथनची आवृत्ती वेगळी आणि ६४ बिट, शाळेतल्या दोन यंत्रांवर ३२ बिट लिनक्स. तयार पॅकेज आवृत्ती आणि बिट दोन्ही जुळल्याशिवाय बसत नाही, आणि नमपायच्या नव्या आवृत्त्यांत ३२ बिट लिनक्ससाठी तयार पॅकेज मिळतच नाही. शेवटी पिपचा (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा) नाद सोडला. पाचही यंत्रांवर एकच डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि नमपाय, सायपाय, पायगेम त्याच्याच पॅकेजांतून घेतले. आवृत्ती जुनी मिळते, पण तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं एकत्र येतं. दीड दिवस गेला. आधी यंत्रावर काय आहे ते कागदावर लिहून नेलं असतं तर एका फेरीत भागलं असतं.

४ मे. पहिला खेळ : काच

दोन अर्धपारदर्शक काचा, दोन आरसे, एक फोटॉन (प्रकाशाचा कण), शेवटी दोन दिवे. बरोबर जुळवलं तर फोटॉन दर वेळी खालचाच दिवा पेटवतो, वरचा कधीच नाही. मॅक-झेंडर व्यतिकरणमापी तो हाच.

पहिल्या प्रयत्नात दोन्ही वाटांच्या संभाव्यता साठवल्या: ०.५ आणि ०.५. दुसऱ्या काचेनंतरही अर्धं-अर्धंच आलं. येणारच, संभाव्यता कधी ऋण होत नाही, मग काहीच कटत नाही. साठवायचा असतो तो आयाम (ॲम्प्लिट्यूड; त्याच्या लांबीचा वर्ग म्हणजे संभाव्यता), संमिश्र संख्येच्या रूपात. वर्ग फक्त शेवटी, दिवा पेटवताना करायचा.

दुसऱ्या प्रयत्नात काचेच्या मॅट्रिक्समध्ये चारही घरांत सारखाच १/√२ टाकला. पहिल्या काचेनंतर बेरीज १, म्हणून बरोबर वाटलं. दुसरीनंतर दोन्ही दिवे शंभर टक्के, म्हणजे एकूण दोनशे! परावर्तित वाटेला आय (ऋण एकचं वर्गमूळ) लावला की हिशेब जमतो: वर (१ + आय × आय)/२ = ०, खाली (आय + आय)/२ = आय, त्याच्या लांबीचा वर्ग १.

तिसरी चूक सगळ्यात गुपचूप होती. आयामांची सारणी साध्या दशांश प्रकारची बनवली होती. तिच्यात संमिश्र सारणी भरली की नमपाय काल्पनिक भाग टाकून देतं आणि टर्मिनलवर फक्त एक इशारा छापतं. खेळ पूर्ण पडद्यावर चालू असल्यानं तो इशारा दिसला नाही. पहिल्याच काचेनंतर बेरीज ०.५ आली तेव्हा कळलं. सारणी बनवतानाच प्रकार ‘कॉम्प्लेक्स’ लिहायचा. त्या दिवसापासून सगळ्या खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात संभाव्यतांची एकूण बेरीज सहा दशांशांपर्यंत दाखवायला लागलो. पुढच्या निम्म्या चुका त्या कोपऱ्यानंच पकडल्या.

५ मे. काचेची दुसरी पायरी : सुतळी

एलित्झूर आणि वाइडमन यांची १९९३ ची कल्पना: ज्याला एक फोटॉन लागला तरी फुटेल असा बॉम्ब न फोडता ओळखायचा. आपल्याकडं सुतळी बॉम्ब. पेटीत वीस, काही सादळलेले. सादळलेला वाटेत ठेवला तर फोटॉन बिनधास्त जातो आणि खालचाच दिवा लागतो. खरा ठेवला तर तो मोजमापच करतो: निम्म्या वेळा फुटतो, चौथ्या हिश्श्यात खालचा दिवा (काहीच कळत नाही), चौथ्या हिश्श्यात वरचा दिवा. वरचा लागला म्हणजे माल खरा, आणि अख्खा.

यात काही बिघडलं नाही. संशयितांना परत परत तपासू दिलं की खऱ्यांपैकी तिसरा हिस्सा अख्खा हाती लागला पाहिजे (¼ भागिले ¼ + ½). संगणकाला दहा हजार खरे तपासायला लावले, ३३.४ टक्के वाचले. ठीक.

८ मे. अक्षरं

पायगेमनं मराठीची वाट लावली. ‘स्थिती’ लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं, जोडाक्षराचा पाय मोडका. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण दोष फॉन्टचा नव्हता. आमच्या आवृत्तीतला अक्षर छापणारा भाग देवनागरीची जुळणी करतच नाही, एकापुढं एक चिन्हं ठेवतो. तीन फॉन्ट बदलण्यात एक दुपार गेली ती फुकट.

तोडगा: खेळातली सगळी वाक्यं (६४ निघाली) आधीच चित्रं करून ठेवली. पिलो या लायब्ररीत राक्म (अक्षरांची जुळणी करणारा भाग) असेल तर जुळणी बरोबर होते. फॉन्ट मुक्त, आकार २८. बदलते आकडे दिसायला हवेत म्हणून ० ते ९, टिंब आणि टक्क्याचं चिन्ह अशी बारा वेगळी चित्रं. तोटा एवढाच, वाक्य बदललं की चित्र परत काढावं लागतं, म्हणून मजकूर आधी पक्का करा. आम्ही तो चार वेळा बदलला.

११ मे. दुसरा खेळ : धुरा

मुख्य काम हेच. दोन वावरं, मध्ये धुरा (बांध). डावीकडं पडीत, उजवीकडं तूर. पडितात रानडुक्कर. धुऱ्यावरून उडी मारण्याइतकी ऊर्जा त्याच्यात नाही, तरी ते पलीकडं निघतं: बोगदा-परिणाम. खेळणारा जागलीला बसलेला, हातात बॅटरी.

एकक असे घेतले की प्लांकचा स्थिरांक भागिले २π आणि वस्तुमान दोन्ही १. एका ओळीत १२८ ठिपके, दोन ठिपक्यांत ०.१ अंतर. काळाची पायरी ०.००५, एका चित्राला ४० पायऱ्या, सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे घड्याळाच्या एका सेकंदात खेळातले ६ एकक.

श्रोडिंगरचं समीकरण (क्वांटम लाट काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं) आधी सरळ पद्धतीनं पुढं नेलं: आत्ताचा उतार काढा, पायरीनं गुणा, मिळवा. तिसऱ्या चित्रात डुकराचा आलेख पडद्याबाहेर. पायरी निम्मी करून पाहिली, तर पाचव्या चित्रात तेच. ही पद्धत या समीकरणावर कुठल्याही पायरीला टिकत नाही. प्रत्येक पायरीला ऊर्जा ई असलेला घटक १ + (ई × पायरी)² च्या वर्गमुळाइतका फुगतो. १२८ ठिपक्यांच्या या जाळीत सगळ्यात मोठी ऊर्जा २०० च्या आसपास, पायरी ०.००५, गुणाकार १. तो घटक दर पायरीला १.४ पट. दशांशाच्या सोळाव्या घरातली खोटही शंभरेक पायऱ्यांत डुकराएवढी होते.

मग एक वाईट युक्ती केली: प्रत्येक पायरीनंतर बेरीज परत १ करून टाकली. कोपऱ्यातला आकडा १.०००००० झाला आणि सगळं बरोबर दिसायला लागलं, पण डुकराच्या जागी करवतीच्या दात्यांसारखी रेघ. फुगणारा घटक फुगतच होता, बाकीचे दाबले जात होते. हे कोणी करू नका. आपणच बेरीज १ करत असू तर कोपऱ्यातला आकडा तपासणीचा राहत नाही.

१३ मे

पद्धत बदलली. अर्धी पायरी उंचीची, मग एफएफटी (लाटेची तिच्यातल्या वेगवेगळ्या तरंगसंख्यांत फोड करणारं गणित), पूर्ण पायरी वेगाची, उलटा एफएफटी, परत अर्धी पायरी उंचीची. सगळे गुणाकार एकक लांबीच्या संमिश्र संख्यांनी, त्यामुळं बेरीज आपोआप १ राहते. १२८ ठिपक्यांना ही जुनी यंत्रंही दमत नाहीत.

पण डुक्कर धुऱ्याकडं न जाता बाहेरच्या कुंपणात शिरलं आणि तिथंच घुटमळत राहिलं. कुंपणाची उंची १२०० ठेवली होती, जितकं उंच तितकं भक्कम या समजुतीनं. या पद्धतीत उंची गुणिले पायरी हा कोन असतो: १२०० × ०.००५ = ६ रेडियन. पूर्ण फेरी ६.२८३ ची. म्हणजे संगणकाला दिसलं उणे ०.२८३, कुंपणाच्या जागी सुमारे ५७ खोल खड्डा! उंची १२५७ ठेवली असती तर कोन बरोबर एक फेरी आणि कुंपण गायबच. मुद्दाम ठेवून पाहिलं: डुक्कर उजव्या कडेनं बाहेर गेलं आणि डाव्या कडेनं आत आलं, कारण एफएफटीच्या दृष्टीनं दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात.

नियम: उंची × पायरी हा कोन ३ च्या आत राहू द्या. कुंपण २०० वर आणलं, कोन १. वेगाच्या भागालाही तीच तपासणी: सगळ्यात मोठी तरंगसंख्या ३१.४, तिच्या वर्गाचा अर्धा ४९३, गुणिले ०.००५ म्हणजे २.५. बसतं.

१५ मे. धुऱ्याची जाडी

सुरुवातीला डुक्कर म्हणून पडिताच्या मधोमध घंटेच्या आकाराचा ढीग ठेवला होता. अर्ध्या सेकंदात त्यातला काही भाग सरळ धुऱ्यावरून पलीकडं, उरलेला खळबळत. अरुंद ढिगात अनेक ऊर्जा मिसळलेल्या असतात, त्यातल्या काही धुऱ्याहून उंच. बोगदा दिसायचा तर सगळ्यात खालच्या दोनच स्थिती पाहिजेत: एक सम, एक विषम. नमपायमधल्या आयगेन (ठरावीक ऊर्जेच्या स्थिती) काढणाऱ्या फंक्शननं १२८ × १२८ मॅट्रिक्समधून त्या काढल्या (सुरुवातीला एकदाच) आणि दोन्हींची बेरीज भागिले √२ केली. डुक्कर पडितात शांत बसलं.

वावर प्रत्येकी २ रुंद, धुरा १ रुंद, उंची ३. हातानं सोडवलं तर खालच्या दोन ऊर्जा साधारण ०.७७८ आणि ०.८९५, फरक ०.११७. पलीकडं पूर्ण जायला पाय (π) भागिले फरक, म्हणजे २७ एकक, घड्याळावर साडेचार सेकंद. पडद्यावरही जवळपास तेवढेच भरले. हातचं गणित आणि यंत्र पहिल्यांदा जुळलं ते इथं.

पोरांना ‘जाड धुरा’ द्यावा म्हणून रुंदी २ केली. साडेचाराचे नऊ सेकंद होतील असं धरून पातळ्याही तशाच आखल्या होत्या. झाले छत्तीस! रुंदी ३ केली तर पाच मिनिटांना थोडेच कमी. दर एक एकक जाडीला वेळ आठ पट. हा खेळाचा दोष नाही, भौतिकशास्त्रच तसं आहे, पण पातळ्या आखताना रुंदी ०.१ च्या टप्प्यानंच वाढवा. आमच्या आखलेल्या पातळ्या फेकल्या.

१७ मे

दिवसभर लाइट नाही. कागदावर क्वांटम फुली-गोळा. हा खेळ ॲलन गॉफ यांचा, २००६ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये छापून आला. खर्च शून्य, म्हणून नियम इथं देतो. प्रत्येक चालीत खूण एका घरात नाही, दोन घरांत करायची, दोन्हींना चालीचा क्रमांक लावायचा: फु१-फु१, गो२-गो२. एका घरात कितीही खुणा चालतात. घरं एकमेकांना जोडत जोडत वर्तुळ पूर्ण झालं की मोजमाप होतं, आणि ज्यानं वर्तुळ पूर्ण केलं त्यानं नाही, समोरच्यानं ठरवायचं की कुठली खूण कुठं पक्की होणार. पोरं पहिले दोन डाव क्रमांक लिहायला विसरतात, मग भांडणं. क्रमांकासाठी वेगळ्या रंगाचा पेन द्या.

१९ मे. ऊन

दुपारी दोन वाजता साडेचार सेकंदांचा धुरा आठ सेकंदांचा झाला. सकाळी परत साडेचार. एक पूर्ण दिवस गणितात चूक शोधली. चूक पंख्यात होती. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता, सेकंदाला ३० ऐवजी १७ चित्रं येत होती आणि आम्ही पायऱ्या चित्रांना बांधल्या होत्या. पंखे उघडले तर आत कापसाच्या तंतूंची गादी. शाळेच्या मागच्या खोलीत मोसमभर पऱ्हाटीचा कापूस भरलेला असतो, तो इथवर येतो. ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं साफ केलं, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली.

प्रोग्रॅमही सुधारला: प्रत्येक चित्राला घड्याळ पाहून किती पायऱ्या द्यायच्या ते ठरवायचं. त्याला वरची मर्यादा घाला (आम्ही १२०). नाहीतर मागं पडलेलं यंत्र भरपाई म्हणून जास्त पायऱ्या करतं, त्यानं आणखी मागं पडतं आणि शेवटी गोठतं. उन्हाळ्यात शक्यतो सकाळी सात ते अकराच काम.

२१ मे. न हलणारं डुक्कर

बॅटरी मारणं म्हणजे मोजमाप: डुक्कर डावीकडं की उजवीकडं? दोन संभाव्यता काढा, यादृच्छिक अंक उचला, निकालाप्रमाणं स्थिती डाव्या किंवा उजव्या मूळ स्थितीवर आणा. आधी आम्ही तरंग मधोमध सरळ कापत होतो. त्या धारदार कापानं नवी ऊर्जा घुसते आणि दहा-बारा वेळा बॅटरी मारली की डुक्कर धुऱ्यावरून उड्या मारायला लागतं. मूळ स्थितीवर आणणं हे सोपं केलेलं रूप आहे, तसं खेळाच्या मदतपानावर लिहिलंय.

चाचणीला आलेल्या दहावीतल्या एका पोरीनं माऊसचं बटण दाबून धरलं. “सर, हे डुक्कर तं हालतच नाही.” मिनिटभर दाबलं, डुक्कर पडितातच. आमचा समज, प्रोग्रॅम अडकला. प्रोग्रॅममध्ये चूक होतीच: बटण ‘दाबलं गेलं’ ही घटना वाचायच्या ऐवजी ‘दाबलेलं आहे का’ ही अवस्था दर चित्राला वाचली जात होती, म्हणजे सेकंदाला तीस मोजमापं. पण डुक्कर थांबलं ते चुकीनं नव्हतं. दोन मोजमापांत ०.२ एकक वेळ, तेवढ्यात पलीकडं सापडण्याची संभाव्यता ०.०००१४. मिनिटात १८०० वेळा मोजलं तरी दहापैकी जवळपास आठ वेळा डुक्कर जागेवरच राहणार. सारखं पाहत राहिलं की बदल थांबतो. मिश्र आणि सुदर्शन यांनी १९७७ साली याला झेनो (हालचाल अशक्य म्हणणारा ग्रीक तत्त्वज्ञ) याचं नाव दिलं (सुदर्शन मूळचे केरळचे), आणि १९९० मध्ये बेरिलियमच्या आयनांवर ते प्रयोगात दिसलं.

चूक दुरुस्त केली, पण खेळ तिच्यावरच उभा करायचं ठरवलं.

२४ मे. जागल

नवे नियम. वेग उतरवून घड्याळाचा एक सेकंद म्हणजे एक एकक. रात्र २७ सेकंदांची, म्हणजे एकदाही पाहिलं नाही तर पहाटे डुक्कर नक्की तुरीत. बॅटरीचे सेल मोजके. डुक्कर एकदा जरी तुरीत दिसलं की डाव संपला.

सारख्या अंतरानं, शेवटची पहाटेची धरून, बॅटरी मारली तर तूर वाचण्याची संभाव्यता हातानं काढता येते. २ वेळा: २५ टक्के. ४ वेळा: ५३. ८ वेळा: ७३. १६ वेळा: ८६. संगणकाला प्रत्येकी ५०० रात्री खेळायला लावलं, २४, ५५, ७२, ८६ आले. हा पडताळा झाल्यावरच पोरांच्या हाती दिला.

पोरं आधी घाबरून सुरुवातीलाच चार-पाच सेल उडवतात. लगोलग मारलेल्या बॅटऱ्या जवळपास वाया जातात, कारण लांबच्या पट्ट्यात डुकराला मोकळं रान मिळतं. समान अंतर हाच सगळ्यात चांगला डाव. हे पडद्यावर सांगायचं नाही असं ठरवलं. दोन दिवसांत तिघांनी आपलं आपण शोधलं; एक जण पायानं ठेका धरून मारतो.

२८ मे. दोन यंत्रांवर एकच नशीब

तिसऱ्या आणि पाचव्या यंत्रावर डुक्कर त्याच क्रमानं त्याच बाजूला दिसतंय. पोरांनीच पकडलं. दोन्हींच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळं लाइट आल्यावर घड्याळ दर वेळी त्याच जुन्या तारखेपासून सुरू. खेळ आपोआप चालू होतो, आणि यादृच्छिक अंकांचं बीज (ज्या आकड्यापासून ते अंक निघतात तो) आम्ही घड्याळाच्या सेकंदावरून घेत होतो. एकच बीज, एकच पीक.

बीज स्वतः देणं बंद केलं; नमपायचा नवा जनरेटर न सांगता कार्यप्रणालीकडून बीज घेतो. पाचही सेल (सीआर-२०३२) बदलले. हे अंक अर्थात खरे क्वांटम नाहीत, गणिताचे आहेत.

१ जून. तिसरा खेळ : दोन फटी

दोन फटींतून आलेल्या लाटा मिसळून पडद्यावर उजळ-काळे पट्टे पाडतात. याला दोन दिशा लागतात. २५६ × २५६ जाळीवर सेकंदाला ११ चित्रं, निरुपयोगी. १२८ × १२८ वर आणलं. आमच्या जुन्या नमपायचा एफएफटी सगळं दुप्पट अचूकतेत नेतो. सायपायचा तसं करत नाही, तो घेतल्यावर आणखी फरक पडला. चारही कडांना २० ठिपक्यांचा हळूहळू शून्याकडं जाणारा शोषक पट्टा, नाहीतर लाट एकीकडून जाऊन दुसरीकडून येते.

पट्टे मात्र दिसेनात. तरंगलांबी ८ ठिपके आणि फटींत अंतर ६. पहिली काळी पट्टी ४२ अंशांवर पडते, ५० ठिपक्यांवरच्या पडद्यावर ती मध्यापासून ४५ ठिपके दूर, नेमकी शोषक पट्ट्यात. अंतर २४ केलं, फटीची रुंदी ५. आता काळी पट्टी साडेआठ ठिपक्यांवर, दोन उजळ पट्ट्यांत सुमारे १७. बाकी काही विशेष नाही.

५ ते ७ जून. चौथा खेळ : मुकाट जोडी

दोघं खेळाडू, दोन यंत्रं, पाठ एकमेकांकडं. प्रत्येकाला ० किंवा १ असा प्रश्न येतो, उत्तरही ० किंवा १ द्यायचं. दोघांना १ आला तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी. बोलायचं नाही. आधी काहीही ठरवून या, सरासरी ७५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही (दोघांनी नेहमी ० म्हणा, झालं). एकमेकांत गुंतलेले फोटॉन वाटून घेतले तर ८५.३६ टक्क्यांपर्यंत. पहिल्याचे कोन ० आणि ४५ अंश, दुसऱ्याचे २२.५ आणि उणे २२.५, उत्तरं सारखी येण्याची संभाव्यता कोनांतल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग.

संगणकानं शंभर डाव खेळले, ८३ जिंकले. ठीक वाटलं. दुसऱ्यांदा ८१, तिसऱ्यांदा ८४. दोन दिवस असंच चाललं आणि खेळ तयार समजून केबल टाकली. ७ तारखेला सहज दहा हजार डाव लावले, ८२.१ आले. शंभर डावांत साडेतीन टक्क्यांचं वर-खाली चालतं, दहा हजारांत नाही.

चारही प्रश्नजोड्या वेगळ्या मोजल्या. बरोबर असतं तर प्रत्येकीत ८५ यायला हवे होते. आले ७६, ७६, ७६ आणि ९९.८. अंश दिले होते, कोसाइन रेडियन मागतो. २२.५ रेडियनच्या कोसाइनचा वर्ग ०.७६३, ६७.५ रेडियनच्या साइनचा वर्ग ०.९९८, आणि त्या चौघांची सरासरी योगायोगानं ८२. चूक एवढी सभ्य दिसते! अंशांचे रेडियन केले, चारही घरांत ८५ आले. एकूण सरासरीवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक घर वेगळं मोजा.

मदतपानावर ठळक लिहिलंय: ही नक्कल आहे. मध्ये बसलेल्या यंत्राला दोन्ही प्रश्न माहीत असतात, त्यामुळं यातून निसर्गाबद्दल काही सिद्ध होत नाही. खऱ्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं (आस्पे, क्लाउझर, झाइलिंगर). खेळ आणि प्रयोग खरोखर जोडले गेले ते ३० नोव्हेंबर २०१६ ला, जगभरच्या सुमारे एक लाख लोकांनी खेळातून दाबलेले ०-१ प्रयोगशाळांच्या यंत्रांना त्याच दिवशी पुरवले गेले.

१२ जून. पोरांची चाचणी

मुकाट जोडीचे ४० डाव ठेवले होते. तेवढ्यात ७५ आणि ८५ मधला फरक दिसत नाही. एका जोडीनं फोटॉन न वापरता ८२ टक्के काढले आणि वापरून ८०. डाव २०० केले, पोरं कंटाळली. मग पाचही यंत्रांचे डाव एकत्र मोजायला लागलो, तेव्हा जमलं.

मध्येच लाइट गेली आणि दोन यंत्रांवरचे सगळे गुण गेले. गुणांची फाइल खेळ बंद करताना एकदाच लिहिली जात होती. आता प्रत्येक डावानंतर एक ओळ शेवटी जोडतो आणि लगेच डिस्कवर ढकलतो.

सगळ्यात जास्त वेळ जागल खेळली गेली. दोन फटी कोणी दुसऱ्यांदा उघडली नाही. त्यात बघण्यापलीकडं करायला काही नाही.

१६ जून. खर्च आणि राहिलेलं

नाणे-सेल पाच २०० रुपये, पेस्ट १२०, पाच पोर्टचं स्विच आणि केबल ६५०, पेनड्राइव्ह ३५०, दोन माऊस ५००, जुन्या यूपीएसची बॅटरी ११००, यवतमाळच्या दोन फेऱ्यांचं एसटीभाडं २४०. एकूण ३१६०. यूपीएस पाचांपैकी एकाच यंत्राला पुरतो, तो मुकाट जोडीच्या मधल्या यंत्राला लावलाय.

राहिलेलं: दोन फटींत ‘कुठल्या फटीतून गेलं’ ते पाहणारी बॅटरी टाकायची, म्हणजे पाहिलं की पट्टे पुसतील आणि खेळायला काही तरी मिळेल. जागलीत डुक्कर एका अंगाला झुकलेल्या वावरात (एक बाजू ०.१ नं उंच) टाकून पाहिलं, ते अर्ध्यातूनच परत फिरतं, तूर पूर्ण गाठतच नाही. दोन्ही बाजूंच्या ऊर्जा जुळल्या नाहीत की असंच होतं, पण त्याचा डाव कसा बांधायचा ते सुचलेलं नाही. चौथ्या यंत्राचा पंखा परत आवाज करतोय.